संधिप्रकाशातील चंद्र-ग्रहदर्शन

सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर क्षितिजालगतची चंद्रकोर आणि तेजस्वी ग्रह नुसत्या डोळ्यांनी किंवा छोट्या दुर्बिणीने पाहण्याची पद्धत. शुक्र, गुरू आणि बुध हे तिचे मुख्य विषय. मंगळ व शनी त्यामानाने मंद असल्याने प्रकाश बराच ओसरल्यावरच दिसतात. पंचांगात छापलेले ग्रहांचे उदयास्त (सूर्याच्या तेजातून ग्रह पुन्हा दिसू लागणे व त्यात दिसेनासा होणे) आणि अमावास्येनंतरच्या पहिल्या कोरीची ‘चंद्रदर्शन’ ही नोंद मुळात याच निरीक्षणावर उभी आहे. पंचांगाच्या गणिताचा दृक्प्रत्यय येतो की नाही, म्हणजे ते आकाशात डोळ्यांना पटते की नाही, हे तपासण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

सूर्य क्षितिजाखाली १८° जाईपर्यंत संधिप्रकाश रेंगाळतो. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर सूर्य बराचसा सरळ खाली उतरत असल्याने ही सगळी अवस्था साधारण सव्वा तासात आटोपते. तिच्यातही कामाची वेळ थोडी. पहिली वीस मिनिटे आकाश फार उजळ असते, आणि काळोख दाटेपर्यंत सूर्याजवळचा ग्रह मावळून गेलेला असतो. पहाटे हाच क्रम उलटा चालतो.

ग्रह सूर्यापासून किती दूर असला म्हणजे दिसतो, याचे आकडे सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथाच्या उदयास्ताधिकार या अध्यायात दिले आहेत. त्यांना कालांश म्हणतात. १ कालांश म्हणजे सूर्य आणि ग्रह यांच्या उगवण्या-मावळण्यातील ४ मिनिटांचा फरक. चंद्राला १२, गुरूला ११, शनीला १५ आणि मंगळाला १७ कालांश लागतात. शुक्राला एरवी १० लागतात, पण वक्री असताना, म्हणजे ताऱ्यांमधून उलटा सरकताना, तो पृथ्वीजवळ येऊन मोठा दिसत असल्याने ८ पुरतात. बुधाला तसेच १४ व १२. म्हणजे चंद्र सूर्यानंतर ४८ मिनिटांनी किंवा त्याहून उशिरा मावळत असेल, तर कोर दिसावी. चंद्र सूर्यापासून रोज सुमारे १२° पुढे सरकतो. त्यामुळे अमावास्या केव्हा संपली यावर कोर प्रतिपदेला दिसणार की बीजेला, हे ठरते. रमजान ईदच्या चंद्राची चर्चाही दरवर्षी याच गणिताभोवती फिरते. फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दांजाँ यांनी १९३० च्या दशकात दाखवले, की सूर्य-चंद्रांतील अंतर सुमारे ७° पेक्षा कमी असेल तर कोर दिसतच नाही. जुना १२ चा आकडा अर्थातच खूप सावध आहे. मात्र तो विक्रम करणाऱ्यासाठी नव्हे, तर अंगणात उभ्या राहिलेल्या सामान्य माणसासाठी दिलेला आहे, आणि त्या कामाला तो आजही चालतो.

डोळ्याने पाहून गणित सुधारण्याची परंपरा कोकणात ठळकपणे आढळते. मुरूडजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी ग्रहांचे वेध घेऊन जुन्या सिद्धान्तांशी (ज्योतिषग्रंथांशी) पडणारे फरक नोंदवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ (पंचांगाचे गणित सोपे करून देणारा ग्रंथ) शके १४४२ (इ. स. १५२०) हे आरंभवर्ष धरून रचला. कोणता ग्रह कोणत्या सिद्धान्तावरून घेतला असता आकाशाशी जुळतो, हे त्यात आरंभीच सांगितले आहे. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथावर चालली.

शुक्र सूर्यापासून सुमारे ४७° पेक्षा दूर जात नाही, त्यामुळे मध्यरात्री तो आपल्याला दिसत नाही. खेड्यांत पहाटेची चांदणी पाहून गाडी किंवा मोट जुंपत. पण ही चांदणी बारमाही नसते. सुमारे साडेआठ महिने पहाटे दिसून शुक्र सूर्यामागे जातो, दीड-दोन महिने लुप्त राहतो, मग तितकेच साडेआठ महिने संध्याकाळी दिसतो आणि शेवटी आठवडाभर सूर्यापुढे दडतो. हे चक्र सरासरी ५८४ दिवसांचे आहे. अशी पाच चक्रे जवळजवळ बरोबर आठ वर्षांत बसतात. म्हणून २५ मार्च २०१७ ला सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधून गेलेला शुक्र २३ मार्च २०२५ ला पुन्हा तसाच गेला. आठ वर्षांपूर्वीची वही काढली तर यंदाचा शुक्र कोठे दिसेल हे बरेचसे कळते.

गुरू किंवा शुक्र अस्तंगत, म्हणजे सूर्याच्या तेजात लुप्त, असताना विवाहाचे मुहूर्त धरत नाहीत. मे २०२४ मध्ये दोघेही एकाच वेळी सूर्याच्या तेजात बुडाले होते, आणि ऐन लगीनसराईत मुहूर्तांची टंचाई झाली. त्या दिवसांत पश्चिमेकडे पाहणाऱ्याला पंचांग न उघडताही त्याचे कारण समजले असते.

बुध सूर्यापासून जास्तीत जास्त १८° ते २८° इतकाच दूर जातो. तो दिसला नाही अशी तक्रार करणारे बहुधा चुकीच्या ऋतूत शोधतात. फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी क्रांतिवृत्त (सूर्याचा ताऱ्यांमधला मार्ग, ज्याच्या आसपासच चंद्र व ग्रह असतात) क्षितिजाशी जवळजवळ काटकोन करते, आणि ग्रहाचे सूर्यापासूनचे सगळे अंतर उंचीच्या रूपाने मिळते. शिवाय आकाशही निरभ्र असते. या दिवसांत बीजेची कोर दोन्ही टोके वर करून होडीसारखी आडवी दिसते. भाद्रपद-आश्विनात क्रांतिवृत्त संध्याकाळी दक्षिणेकडे झुकते, कोर कलते आणि लवकर मावळते. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये असा संकेत आहे. तो चंद्र त्या संध्याकाळी नैऋत्येला असतो, आणि पावसाळी ढग बहुतेकांना हा संकेत आयताच पाळायला लावतात.

कोवळ्या कोरीबरोबर चंद्राचा अंधारा भागही धूसर दिसतो. पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश तेथे पोहोचतो, हे स्पष्टीकरण लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले होते.

ग्रहांच्या युती, म्हणजे आकाशात ते एकमेकांजवळ दिसणे, हा या निरीक्षणाचा सर्वांत लोकप्रिय भाग. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी यांच्यात अंशाच्या फक्त दहाव्या भागाएवढे अंतर उरले होते. २०२३ च्या गुढीपाडव्यानंतर दोनच दिवसांनी, २४ मार्चला, चंद्राने शुक्राला झाकले. त्या संध्याकाळी कोरीला अगदी चिकटलेला शुक्र देशभर लोकांनी रस्त्यात थांबून पाहिला. १२ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे शुक्र आणि गुरू एकमेकांपासून १° पेक्षाही जवळ होते. मात्र महाराष्ट्रात ऑगस्टमधल्या पहाटेचा भरवसा धरता येत नाही. हौशी निरीक्षकांना एकत्र आणणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते.

जागा निवडताना कोकणचा किनारा पश्चिमेसाठी मोकळा वाटतो, पण समुद्रावरचे बाष्प शेवटचे दोन-तीन अंश खाऊन टाकते. हिवाळ्यात देशावरच्या एखाद्या टेकडीवरून कित्येकदा अधिक खालपर्यंत दिसते. १०×५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची, दहापट मोठे दाखवणारी, ५० मि.मी. भिंगांची दुर्बीण) पुरेशी होते. तिच्यातून गुरूचे उपग्रह दिसतात, आणि सूर्यापुढे दडण्याच्या आधीच्या आठवड्यांत शुक्राची कोरही. ही कोर उजेड असतानाच पाहावी, कारण काळोखात शुक्राचे तेज डोळे दिपवते. संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळल्यावरच दुर्बीण उचलावी. पहाटे धोका अधिक, कारण सूर्य दुर्बिणीच्याच दिशेने वर येत असतो. त्यामुळे सूर्योदयाच्या दहा मिनिटे आधी ती खाली ठेवावी.