फाइल बदलली, तरी सर्व्हर जुन्याच कोडवर

सर्व्हरवरच्या फाइलमध्ये दुरुस्ती केली, सेव्ह केली, पान रिफ्रेश केलं, तरी जुनाच मजकूर! पायथनमध्ये वेब ॲप लिहू लागलेल्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो. मग ब्राउझरचा कॅशे (त्यानं साठवलेल्या पानांच्या जुन्या प्रती) पुसणं सुरू होतं. त्या बिचाऱ्याचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो.

पायथन एखादं मॉड्यूल, म्हणजे कोडची एक फाइल, पहिल्यांदा इम्पोर्ट करताना फाइल वाचतं आणि ते मॉड्यूल मेमरीत ठेवतं. पुन्हा तेच नाव आलं की मेमरीतलंच हाती देतं. त्यामुळे प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, थांबत नाही तोवर डिस्कवरचा बदल तिच्या गावीही नसतो. पीएचपीवाल्यांना हा त्रास कमी, कारण तिथे नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक विनंतीला स्क्रिप्ट नव्यानं चालते.

मग सर्व्हर सरळ बंद करून चालू करावा की! स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल करा. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर तर फाइल बदलली की आपणहून रीस्टार्ट होतो. पण चालत्या साइटवर नेमकं त्याच वेळी कुणाचं तरी पेमेंट अर्धवट असतं.

पायथनची वेब ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्न या सर्व्हरनं यावर छान तोड काढली आहे. त्यात एक मास्टर प्रोसेस आणि तिच्या हाताखाली विनंत्या हाताळणाऱ्या काही वर्कर प्रोसेस असतात. पोर्टवरचं सॉकेट, म्हणजे विनंत्या आत येण्याचं दार, मास्टर उघडते, वर्करना ते वारशानं मिळतं. मास्टरला ‘हँगअप’ सिग्नल (चालू प्रोसेसला पाठवायचा एक इशारा) दिला की ती नवे वर्कर उभे करते, ते नवा कोड वाचतात. जुन्यांना हातातलं काम उरकून निघायचा हुकूम होतो. त्यासाठी एरवी 30 सेकंदांची मुदत असते. सॉकेट उघडंच राहतं, म्हणून मधल्या वेळात आलेली विनंती कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, रांगेत थांबू शकते.

हा सिग्नल मुळात मोडेमची लाइन तुटल्याचं प्रोग्रॅमला कळवण्यासाठी होता. पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हरला टर्मिनलच नसतं, म्हणून ‘सेटिंग पुन्हा वाच’ सांगायला तो वापरात आला.

एक मेख आहे. मेमरी वाचवायला गनिकॉर्नचा ‘प्रीलोड’ हा पर्याय चालू ठेवला असेल, तर ॲप मास्टरनंच आधी लोड केलेलं असतं आणि नव्या वर्करनाही तोच जुना कोड मिळतो. तिथे मास्टरच नव्यानं सुरू करावी लागते.

शिवाय अदलाबदलीच्या वेळी जुने आणि नवे वर्कर एकाच डेटाबेसवर काम करत असतात. कॉलमचं नाव थेट बदललं, तर जुने वर्कर जागीच कोलमडतील. म्हणून आधी नवा कॉलम जोडायचा, काही काळ दोन्हींत लिहायचं, आणि जुना कॉलम पुढच्या रिलीजमध्ये काढायचा.