पर्सेफनी: डाळिंबाच्या दाण्याची गोष्ट, जुनी आणि नवी

पर्सेफनी ही ग्रीक पुराणातली देवी, पिकांची देवी डेमेटर आणि देवांचा राजा झ्यूस यांची मुलगी, पाताळाचा राजा हेडीसची बायको. वर्षातला काही काळ सासरी, बाकीचा माहेरी. ग्रीक लोक तिला नुसतं 'कोरी' म्हणजे 'मुलगी' असंही म्हणायचे, रोमन लोकांची ती प्रोसर्पिना. हल्ली ग्रीक देवांवर कॉमिक्स, कादंबऱ्या, गेम्स असं जे काही निघतंय त्यात हिला प्रचंड डिमांड आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जुन्या कथेत ही जवळपास बोलतच नाही, सुरुवातीला किंचाळते आणि मग थेट शेवटाकडे आईला काय झालं ते सांगते, बस.

ती जुनी कथा म्हणजे डेमेटरचं स्तोत्र, साधारण इ.स.पू. ७ व्या-६ व्या शतकातलं, ५०० ओळींना थोडं कमी. होमरच्या नावावर खपलं पण होमरचं नाही. पर्सेफनी मैत्रिणींबरोबर फुलं तोडत असते, तिला भुलवायलाच उगवलेलं नार्सिसस दिसतं, एकाच मुळावर शंभर फुलं, ती दोन्ही हात पुढे करते आणि जमीन फाटून हेडीस रथासकट वर येतो आणि तिला घेऊन जातो. झ्यूसने, म्हणजे सख्ख्या बापाने, आधीच होकार दिलेला असतो, आईला विचारायचं कुणाला सुचत नाही. मग डेमेटर नऊ दिवस हातात मशाली घेऊन, खाणंपिणं नाही, आंघोळ नाही, अशी वणवण फिरते. शेवटी सूर्यदेव खरं काय ते सांगतो आणि वर समजूत घालतो की जावई काही वाईट नाही, तुझाच सख्खा भाऊ आहे, एवढं मोठं राज्य आहे त्याचं! डेमेटर मग म्हातारीचं रूप घेऊन एल्यूसिस गावात जाते, तिथल्या राजाचं पोर सांभाळते, पुढे त्यांच्यावरही भडकते, आणि एक वर्ष जमिनीतून दाणा उगवू देत नाही. माणसं मेली तर देवांना नैवेद्य कोण दाखवणार, त्यामुळे झ्यूस नमतो.

खरी गोम यापुढे आहे. पाताळात काही खाल्लं की तिथलंच होऊन राहायचं असा हिशोब, आणि पर्सेफनीच्या पोटात डाळिंबाचा दाणा गेलेला असतो. कसा गेला? स्तोत्राचा निवेदक म्हणतो हेडीसने गुपचूप भरवला. पर्सेफनी आईला सांगते की त्याने जबरदस्तीने खायला लावला. एकाच कवितेत दोन जबान्या. तिने आईसमोर थोडं वाढवून सांगितलं की निवेदकच सौम्य बोलतोय यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चालूच असतो, आणि माझ्या मते नंतरच्या प्रत्येक लेखकाला शिरायला जागा मिळाली ती इथेच. निकाल असा लागतो की वर्षातला एक तृतीयांश काळ खाली, दोन तृतीयांश वर, आणि ती वर आली की वसंत.

रोमन कवी ओव्हिडने पहिल्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये ही कथा सांगितली त्यात सगळंच बदललं. जागा सिसिलीतलं एन्ना, हेडीसला बाण मारायला लावते प्रेमाची देवी व्हीनस, आणि पर्सेफनी बागेत फिरता फिरता स्वतःच डाळिंब तोडून सात दाणे खाते. वाटणी निम्मी-निम्मी. युरोपात शेकडो वर्षं हीच आवृत्ती चालली, कारण ग्रीक स्तोत्राची हस्तलिखित प्रत १७७७ मध्ये मॉस्कोत सापडेपर्यंत हरवल्यातच जमा होती. शिल्पकार बर्निनीचा १६२१-२२ चा पुतळा रोमच्या बोर्गेझे गॅलरीत आहे, त्यात हेडीसची बोटं तिच्या मांडीत अशी रुतलीत की तो संगमरवर आहे हे विसरायला होतं, पण आई त्यात कुठेच नाही.

एल्यूसिसला मात्र आईच मोठी. अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवरच्या या गावात मायलेकींचे गुप्त विधी चालायचे, ग्रीक बोलता येणारा आणि हातून खून न झालेला कुणीही दीक्षा घेऊ शकायचा, बायका आणि गुलामसुद्धा. चौथ्या शतकाच्या शेवटी ते बंद पडले. पण १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क नावाचा इंग्रज तिथे गेला तेव्हा गावकऱ्यांनी एका जुन्या मूर्तीभोवती शेणखताचा ढीग लावलेला होता, तिच्यामुळे पीक येतं म्हणून. मूर्ती मुळात डेमेटरची नव्हतीच, देवळाच्या दाराचा खांब होती ती, पण लोकांनी ठरवलं ते ठरवलं. क्लार्कने ती विरोध असताना उचलली, आता केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे.

अपहरण हेच लग्न कसं, असं आज वाचताना खटकतं. त्या काळी मुलगी बाप द्यायचा, आणि लग्नाआधी मेलेल्या मुलीला हेडीसची नवरी म्हणायची पद्धत होती. अथेन्सच्या म्युझियममधल्या फ्रासिक्लेया नावाच्या मुलीच्या पुतळ्याखाली तर तीच बोलते, की मला कायम कोरीच म्हणतील, लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं.

नव्या लेखनात आधी आई परत आली. इंग्रज लेखिका मेरी शेलीने १८२० मध्ये यावर छोटं नाटक लिहिलं, त्याच्या आधीच्या दोन वर्षांत तिची दोन मुलं गेली होती. आत्ताचा ट्रेंड उलटा आहे, मुलगी मध्यभागी, हेडीस थोडा अबोल पण मनाचा चांगला बॉयफ्रेंड, आणि डेमेटर पोरीला मोकळं न सोडणारी आई, बिचारी. न्यूझीलंडच्या रेचल स्माइथची 'लोर ऑलिम्पस' ही वेबकॉमिक (२०१८ ते २०२४) यात सगळ्यात गाजली, पर्सेफनी गुलाबी आणि हेडीस निळा. याच्याबरोबर नेटवर एक दावा फिरतो की मूळ कथेत ती स्वतःहूनच पाताळात गेली, अपहरण नंतर पुरुषांनी घुसडलं. तसा एकही प्राचीन पाठ उपलब्ध नाही. मेलेल्यांची कीव येऊन ती आपणहून गेली ही मांडणी अमेरिकन लेखिका शार्लीन स्प्रेटनॅकच्या १९७८ च्या पुस्तकातली आहे. आवडली तर खुशाल आवडू दे, फक्त जुनी म्हणू नये.

'हेडीसटाऊन' या म्युझिकलमध्ये (ब्रॉडवेवर २०१९, आठ टोनी अवॉर्ड्स) पर्सेफनी आणि हेडीस हे लग्नाला कंटाळलेलं जोडपं आहेत, ती दारू पिते, तो तिला न्यायला सहा महिने व्हायच्या आतच येऊन उभा राहतो आणि वरच्या हवामानाचा पार विचका होतो. २०२० च्या 'हेडीस' या गेममध्ये तर पर्सेफनी नवऱ्याचं घर सोडून वर जमिनीवर येऊन बाग करत बसलीय, आणि तिला शोधायला पाताळातून निघतो तिचा मुलगा झॅग्रियस, दर वेळी मरतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो.