पाइनची फळी घेताना गाभ्यातला ओलावा बघा

वखारीत आलेले बरेच जण म्हणतात, "पाइन आहे ना, मग कुठलीही फळी द्या." एकाच जातीच्या दोन फळ्यांतही पाण्याचा केवढा फरक असतो, हे कळावं म्हणून हे पत्रक.

पाइनसारख्या बहुतेक सूचिपर्णी (सुईसारख्या पानांच्या) झाडांत सालीकडचं पांढरं लाकूड ओलंचिंब असतं, गाभा म्हणजे खोडाच्या मधलं लाकूड त्यामानाने कोरडं. जपानचा सुगी हा सूचिपर्णी वृक्ष मात्र वेगळा. दार्जिलिंगकडे यालाच धुपी म्हणतात. जपानच्या क्यूशू बेटावर तो पिढ्यान्‌पिढ्या फांद्या रोवून वाढवतात. त्यामुळे आपल्याकडे आंब्याचे असतात तसे त्याचे वाण झालेत. काही वाणांच्या गाभ्यात ओलावा १०० टक्क्यांच्या बराच खाली असतो, काहींत २०० च्या पुढे जातो. हा गुण बराचसा वाणाबरोबरच येतो. काळपट गाभा दिसला, तर तो ओला असण्याची शक्यता जास्त.

१०० टक्क्यांच्या वर ओलावा कसा? तो सुक्या लाकडाच्या वजनावर मोजतात. २५० ग्रॅमचा तुकडा पूर्ण सुकून १०० ग्रॅम भरला, तर पाणी गेलं १५० ग्रॅम. म्हणजे ओलावा १५० टक्के.

साधारण ३० टक्क्यांपर्यंत उतरेतो लाकूड फारसं आकसत नाही. खरं आकसणं त्यानंतरचं. सुकवायच्या भट्टीत कमी-जास्त ओल्या फळ्या एकत्र भरल्या, की एक सुकते आणि दुसरी वरून कोरडी, आतून ओली राहते. ती मग आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात, तुमच्या घरात सुकते. जुळे सोलापूरच्या एका ग्राहकाला आम्ही पावसाळ्यात कपाटाची दारं दिली. मे महिन्यात फळ्यांच्या सांध्यांत बोट जाईल एवढी फट पडली. चूक आमची होती, दारं बदलून दिली. तेव्हापासून ओलावा मोजायचं मीटर नुसतं वरवर लावून माल देणं बंद केलं.

फळीचं टोक लवकर सुकतं, म्हणून तिथला आकडा धरू नका. टोकापासून फूटभर आत कापायला सांगा आणि ताज्या कापाच्या मधोमध मीटरच्या सुया टोचून बघा. दार-खिडक्यांना आम्ही १२ टक्क्यांच्या वरची फळी देत नाही. मापाने सारख्या दोन फळ्यांत एक हाताला जड लागली, तर ती आधी तपासायला लावा.

परदेशी पेट्यांच्या पाइनवर एचटी असा शिक्का असतो. त्याचा अर्थ, कीड मारण्यासाठी लाकूड अगदी आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलाय. तेवढ्याने लाकूड सुकत नाही. अशी फळी फर्निचरला वापरायची असेल, तर आधी वखारीत आणा. मीटर लावायचे पैसे आम्ही घेत नाही.