गोठवा, तुडवा, वाळवा: इंकांचा बटाटा

इंका म्हटले की माचू पिच्चूचे फोटो आणि सोन्याच्या गोष्टी आठवतात. पण सैन्याचे पोट सोन्याने भरत नाही. आजच्या दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत, अँडीज पर्वताच्या अंगाने सुमारे ४,००० किलोमीटर पसरलेले हे राज्य जेमतेम शंभर वर्षांत उभे राहिले. त्याच्याकडे गाड्या नव्हत्या, घोडे-बैल नव्हते, नाणी नव्हती. ओझे वाहायचे ते माणसाने नाहीतर लामाने, आणि लामा २५-३० किलोंच्या वर फारसे नेत नाही. त्यात उंचावरचे मुख्य पीक बटाटा. ताज्या बटाट्यात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असते, तो काही महिन्यांत कोंब धरतो किंवा सडतो. असा माल लादून डोंगर ओलांडणे म्हणजे पाणीच वाहून नेणे.

यावरचा तोडगा म्हणजे चुन्यो, थंडीत गोठवून वाळवलेला बटाटा. ही युक्ती इंकांच्या कितीतरी आधीची आहे. पेरू-बोलिव्हिया सीमेवरचे टिटिकाका सरोवर सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. हा सगळा पठारी मुलूख उष्ण कटिबंधात असूनही जून-जुलैत तिथे रात्री पारा शून्याखाली पाच अंश आणि त्याहूनही खाली जातो, तर दिवसा आकाश निरभ्र, ऊन कडक आणि हवा कोरडी असते. चुन्योला या तिन्ही गोष्टी लागतात.

आधी बटाटे आकारानुसार निवडतात. लहान-मोठे एकत्र पसरले तर लहान पूर्ण गोठतात आणि मोठ्यांचा गाभा कच्चाच राहतो. मग सपाट जमिनीवर, बहुधा इचु नावाच्या रानगवतावर, ते एकाच थरात पसरायचे. साधारण तीन रात्री कडाक्याचा गारठा मिळाला की काम होते. गोठताना पेशींमधल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. दिवसा बर्फ वितळला की बटाटा स्पंजासारखा मऊ पडतो. मग त्याचे छोटे ढीग करून अनवाणी पायांनी तुडवतात. पाणी निथळते, साल सुटते. जोर बेताचा लावावा लागतो, नाहीतर लगदा होतो. त्यानंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण. काळा, टणक, खडखड वाजणारा चुन्यो तयार! साधारण पाच किलो ताज्या बटाट्यांचा एक किलो चुन्यो होतो, म्हणजे पाच लामांचा माल एका लामाच्या पाठीवर मावतो.

पांढरा प्रकार जास्त खटपटीचा. त्याला तुंता किंवा मोराया म्हणतात. यात गोठलेल्या बटाट्यांना ऊन लागू द्यायचे नाही, कारण उजेडात ते काळे पडतात. ते पहाटेच उचलून वाहत्या ओढ्यात किंवा गवताने मढवलेल्या खड्ड्यातल्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात. मग पुन्हा एक रात्र गोठवून, तुडवून, वाळवतात. इतका उपद्व्याप कशासाठी? ४,००० मीटरच्या आसपास तग धरणाऱ्या बटाट्यांच्या जाती कडू असतात. त्यांच्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्ये इतकी असतात की नुसते उकडून खाणे धोक्याचे. फाटलेल्या पेशींतून ती पाण्याबरोबर निघून जातात. क जीवनसत्त्वही बहुतेक सगळे जाते, ही त्याची किंमत. पण ज्या उंचीवर दुसरे पीक दहिवराने मरते, तिथली जमीन यामुळे लागवडीखाली आली. मला हा फायदा टिकाऊपणापेक्षाही मोठा वाटतो.

फसण्याची कारणे ठरलेली. रात्री ढग आले की जमिनीची ऊब अडकून राहते आणि पारा पुरेसा उतरत नाही. अर्धवट गोठलेला बटाटा मग आंबतो, त्याला वास सुटतो. वाळवणावर अवेळी पाऊस आला तर बुरशी धरते. नीट वाळलेला चुन्यो मात्र कोरड्या जागी कित्येक वर्षे टिकतो. खायच्या आदल्या रात्री भिजत घालायचा आणि दुसऱ्या दिवशी रश्शात शिजवायचा.

हे झाले घरगुती तंत्र. इंका राजवटीने त्याला जोड दिली ती सरकारी कोठारांची. प्रजेकडून कर धान्याच्या रूपात न घेता श्रमाच्या रूपात घेतला जाई. प्रत्येक घराने पाळीपाळीने राज्याच्या शेतांवर, रस्त्यांवर, सैन्यात काम करायचे, आणि त्या शेतांचे पीक कोठारांत जायचे. या कोठारांना कोल्का म्हणत. पेरूतल्या उआनुको पाम्पा या एकाच ठिकाणी टेकडीवर ओळीने बांधलेल्या ४९७ कोल्का मोजल्या गेल्या आहेत. बोलिव्हियातल्या कोतापाची इथे सुमारे २,४०० होत्या, त्या मुख्यतः मक्यासाठी.

कोल्का उतारावर बांधण्यामागे साधे कारण होते. पावसाचे पाणी साचत नाही आणि वारा मिळतो. पेरूतल्याच ओयांताइताम्बो या इंका गावाच्या वरच्या कड्यावरील कोठारांना चढाच्या आणि उताराच्या अशा दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, त्यामुळे हवा आरपार खेळते. काही ठिकाणी फरशीखालून हवेसाठी आणि निचऱ्यासाठी पन्हळी काढलेल्या सापडतात. आपल्याकडे कांदाचाळ जमिनीपासून उचलून, वाऱ्याच्या वाटेवर बांधतात, तोच हा विचार. साठवलेला बटाटा श्वसन करतो, ऊब आणि ओल सोडतो; ती कोंडली की सड लागते. उआनुको पाम्पाच्या उत्खननात गोल कोठारांत मक्याचे रांजण आढळले, तर चौकोनी कोठारांत गवताच्या थरांमध्ये बांधून ठेवलेली कंदमुळे. गवतामुळे उजेड अडतो आणि बटाटा हिरवा पडत नाही. अँडीजमधले शेतकरी आजही बटाट्यांच्या थरांत मुन्या नावाची उग्र वासाची वनस्पती घालतात. तिने किडे दूर राहतात आणि कोंबही उशिरा येतात.

आत काय आले, बाहेर काय गेले, याचा हिशेब किपूवर राही. किपू म्हणजे एका मुख्य दोरीला लोंबणाऱ्या दोऱ्या, आणि त्यांवर दशमान पद्धतीने मारलेल्या गाठी. एकक, दशक, शतक यांच्या जागा ठरलेल्या. हे हिशेब किती काटेकोर असत, ते इंकांचे राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिशांनाच कळले. पेरूच्या हाउखा खोऱ्यातल्या वांका लोकांनी १५३३ पासून स्पॅनिश सैन्याला आपल्या कोठारांतून रसद पुरवली होती. १५६१ मध्ये त्यांच्या प्रमुखांनी लिमाच्या न्यायालयात भरपाई मागितली, तेव्हा किती लामा, किती मका, किती बटाटे, किती कापड दिले, याची यादी त्यांनी किपूवरून वाचून दाखवली. लुटून नेलेला मालही त्यात वेगळा नोंदवलेला होता.

साम्राज्य कोसळून १५ वर्षे झाली तरी कोठारे रिकामी नव्हती. १५४७ च्या सुमारास स्पॅनिशांमधलेच बंड मोडायला निघालेल्या, स्पेनच्या राजाने पाठवलेल्या पेद्रो दे ला गास्काच्या सैन्याने याच खोऱ्यात तळ ठोकला आणि कित्येक आठवडे इंकांच्या कोठारांवर पोट भरले. चुन्योचा धंदा तर पुढेही चालला. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला चांदी सापडल्यावर तिथल्या खाणींत चुन्यो विकून अनेक स्पॅनिश माणसे श्रीमंत होऊन मायदेशी परतली, असे सिएसा दे लेओन या बखरकाराने त्याच काळात लिहून ठेवले आहे.