सूक्ष्म कृष्णविवरांची कल्पना आली कुठून?

सप्टेंबर २००८ मध्ये जीनिव्हाजवळ सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेचा लार्ज हेड्रॉन कोलायडर, म्हणजे प्रोटॉनांच्या प्रचंड वेगाने टकरी घडवणारे यंत्र, सुरू झाला. त्याआधीच, हे यंत्र कृष्णविवर तयार करून पृथ्वी गिळेल, या भीतीने अमेरिकेत हवाईच्या न्यायालयात दावा दाखल झाला होता. या यंत्रातल्या टकरींहून कितीतरी जास्त ऊर्जेचे विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, पृथ्वीवर अब्जावधी वर्षे आदळत आले आहेत, पण भीतीला एवढे ऐकायला सवड नव्हती. या गदारोळात मूळ प्रश्न झाकला गेला, याची हळहळ वाटते. गुरुत्वाकर्षण इतके दुबळे का, हा तो प्रश्न. फ्रिजवरचे चिमुकले लोहचुंबक अख्ख्या पृथ्वीच्या ओढीला दाद देत नाही!

विश्वाच्या आरंभी मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाएवढी कृष्णविवरेही बनली असतील, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडले. कृष्णविवर जितके लहान तितके तप्त, आणि ते विरून जाते, हे त्यांनीच १९७४ मध्ये दाखवले. प्रयोगशाळेत ते घडवणे मात्र अशक्यच होते. त्याला लागणारी ऊर्जा सर्नमधल्या टकरींच्या जवळपास दहा कोटी कोटी पट भरते.

हे गणित १९९८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ निमा अर्कानी-हमेद, सावास डिमोपोलस आणि जिया द्वाली यांनी उलटवले. लांबी, रुंदी, उंचीपलीकडच्या जादा मिती नव्या नव्हत्या. थिओडोर कालुझा यांनी तशी एक मिती १९२१ मध्येच सुचवली होती आणि पुढे ऑस्कर क्लाईन यांनी ती गुंडाळून अतिसूक्ष्म मानली. पण या तिघांच्या मते त्या मोठ्या असू शकतात. त्यांत फक्त गुरुत्वाकर्षण पसरते, म्हणून आपल्याला ते दुबळे भासते. अगदी जवळून ते जोरकसच असेल. एकच जादा मिती धरली तर ती सूर्यमालेएवढी निघते, आणि तसे असते तर ग्रहांच्या गतीतच ते दिसले असते, म्हणजे बादच. दोन धरल्या तर मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याखाली गुरुत्वाकर्षण तोवर कोणी नीट मोजलेच नव्हते. मला यातले सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

मग २००१ मध्ये डिमोपोलस व ग्रेग लँड्सबर्ग आणि स्वतंत्रपणे स्टीव्हन गिडिंग्ज व स्कॉट थॉमस यांनी हिशेब मांडला: गुरुत्वाकर्षण जवळून असे जोरकस असेल तर कृष्णविवर घडवायला खूप कमी ऊर्जा पुरेल, कोलायडरमध्ये सेकंदाला एखादे कृष्णविवरही बनेल आणि क्षणार्धाच्याही आत कणांचा फवारा सोडून विरेल.

त्या फवाऱ्याचा शोध कोलायडरवरच्या सीएमएस या शोधयंत्राने २०१० मध्ये सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्याचा बाहेरचा हेड्रॉन कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा भाग, बांधला आहे. कोणते सैद्धांतिक प्रारूप धरावे त्यानुसार, सुमारे ९ ते १० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचे एकक) एवढ्या वस्तुमानापर्यंत असे एकही कृष्णविवर सापडलेले नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पीळ-तराजूने, म्हणजे तारेला पडणाऱ्या पिळावरून सूक्ष्म बल मोजणाऱ्या उपकरणाने, २०२० मध्ये न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम ५२ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाला मायक्रॉन म्हणतात) अंतरापर्यंत खरा ठरवला. सहा जादा मिती धरल्या तर मात्र त्यांचा आकार अणूहूनही कितीतरी लहान येतो. तिथे तराजू चालत नाही, टकरीच कराव्या लागतात.