सांचीला निघण्याआधी: अस्थिदर्शन, स्तूप आणि प्रवासाची माहिती

जय भीम, नमो बुद्धाय, नमस्कार!

आमच्याकडे सांचीच्या सहलीची चौकशी करायला आलेले बहुतेकजण आधी एकच विचारतात, ‘अस्थींचं दर्शन होईल ना?’ उत्तर तुमच्या तारखेवर आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सांचीत असाल तर होईल. एरवी नाही, आणि कुणाच्या ओळखीनं तर नाहीच. वर्षभर त्या कुलूपबंद असतात. म्हणून दर्शनासाठीच जायचं असेल तर आधी तारीख धरा, मग रेल्वेचं आरक्षण करा, आमचे पैसे सगळ्यात शेवटी. उलट स्तूप निवांत बघायचा असेल तर नेमका तोच रविवार टाळा. दोन्ही एकाच फेरीत मनासारखं होत नाही, हे आम्ही पावती फाडण्याआधीच सांगतो.

कुणाच्या अस्थी, आणि कुठे?

मोठ्या स्तूपाच्या आत जाऊन दर्शन घ्यायचं, असा पुष्कळांचा समज असतो. स्तूपाच्या आत जाताच येत नाही, तो भरीव आहे. शिवाय दर्शनाला ठेवतात त्या अस्थी तथागतांच्या, म्हणजे बुद्धांच्या, नव्हेत. त्या त्यांच्या दोन अग्रश्रावकांच्या, म्हणजे पट्टशिष्यांच्या आहेत, सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या. सापडल्या त्याही शेजारच्या लहान स्तूपात, ज्याला तीन नंबरचा स्तूप म्हणतात.

१८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि फ्रेडरिक मेसी या इंग्रज अधिकाऱ्यांनी हा स्तूप मधोमध खणला. तळाशी एका मोठ्या शिळेखाली दोन दगडी पेट्या निघाल्या. एकीच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत ‘सारिपुतस’, दुसरीच्या झाकणावर ‘महामोगलानस’. प्रत्येक पेटीत मऊ दगडाचा घडवलेला एक छोटा करंडक आणि त्यात अस्थींचे बारीकसे अवशेष. सारिपुत्तांच्या करंडकात सोबत मोती, स्फटिक असे मणी होते, पेटीत चंदनाचे तुकडे होते. करंडकांच्या झाकणांना आतून शाईनं एकेक अक्षर लिहिलेलं होतं, एकाला ‘सा’, दुसऱ्याला ‘म’. बंद करताना अदलाबदल होऊ नये म्हणून कुणीतरी घेतलेली काळजी असावी. ती शाई दोन हजार वर्षं टिकली.

पुढे या अस्थी इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिल्या. १९४७ मध्ये त्या तिथून निघाल्या, आधी श्रीलंकेत आल्या, १९४९ मध्ये कोलकात्यात पोचल्या. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीत नव्यानं बांधलेल्या चेतियगिरी विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. पंडित नेहरू आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू त्या वेळी हजर होते. नोव्हेंबरअखेरचा सोहळा हा त्याच दिवसाचा. २०२४ मध्ये याच अस्थी दर्शनासाठी थायलंडलाही नेल्या होत्या आणि तिथे लोटलेली गर्दी टीव्हीवर अनेकांनी पाहिली असेल.

मग मोठ्या स्तूपात काय आहे? कनिंगहॅमनं तोही खणला, हाती काही लागलं नाही. त्याच्याही आधी, १८२२ मध्ये, कॅप्टन जॉन्सन नावाच्या अधिकाऱ्यानं तो एका बाजूनं वरपासून खालपर्यंत फोडला होता. त्यानं नासधूस झाली, मिळालं काहीच नाही. तिथले काही वाटाडे छातीठोकपणे सांगतात की आत बुद्धांच्या अस्थी ‘आहेतच’. श्रद्धेनं तसं मानणाऱ्यांशी आमचा वाद नाही, पण उत्खननात त्या मिळालेल्या नाहीत.

दुसरा नेहमीचा प्रश्न, बुद्ध इथे आले होते का? नाही. बोधगया, सारनाथ, कुशीनगर यांच्यासारखं सांचीचं नाव बुद्धांच्या जीवनातल्या कुठल्या प्रसंगाशी जोडलेलं नाही. इथला धागा सम्राट अशोकाचा. त्याची पत्नी देवी शेजारच्या विदिशेची, आणि त्यांचा मुलगा महेंद्र धम्म घेऊन श्रीलंकेला निघाला तो इथूनच, असं सिंहली परंपरा मानते. म्हणून सांचीत श्रीलंकेचे यात्रेकरू हमखास भेटतात आणि विहाराची व्यवस्थाही श्रीलंकेच्या महाबोधी सोसायटीकडे आहे.

दर्शनाच्या दिवशी

रांग लांब असते, उन्हात असते, आणि प्रत्यक्ष करंडकासमोर तुम्हाला काही क्षणच मिळतात. हात जोडायचे, मनातल्या मनात त्रिशरण म्हणायचं, पुढे सरकायचं. मागचे उपासक-उपासिकाही तितक्याच लांबून आलेले असतात, तेव्हा तिथे थांबून फोटोची खटपट नको. पांढरे कपडे घातलेत तर उत्तम, सक्ती नाही. गाडी टेकडीवर सोडतील असं धरू नका. खालून चढायचं ठरवूनच या, म्हणजे ऐनवेळी कुरकुर होत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना आणणार असाल तर नाव देतानाच कानावर घाला. त्यांच्यासोबत एक माणूस आमचा राहील.

सामूहिक बुद्धवंदना आम्ही विहारासमोर किंवा हिरवळीवर घेतो. ध्वनिक्षेपक लावत नाही, पन्नास माणसांच्या गळ्याला तो लागतही नाही.

स्तूप कसा बघाल: दक्षिण तोरणापाशी वेळ काढा

स्तूप तुमच्या खिशातच आहे, दोनशेच्या नोटेच्या मागे. प्रत्यक्षात त्याचा व्यास साधारण साडेछत्तीस मीटर आणि वरची हर्मिका (माथ्यावरचा चौकोनी कठडा) आणि छत्रं सोडून उंची साडेसोळा मीटर. आत अशोकाच्या काळचा विटांचा मूळ स्तूप आहे, अशोकानंतरच्या शुंग राजांच्या काळात त्यावर दगडांचं आवरण चढवून तो जवळपास दुप्पट झाला, आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात चार दिशांची चार तोरणं, म्हणजे दगडी प्रवेशकमानी, उभी राहिली. लोक उत्तर तोरणापाशी फोटो काढतात, कारण ते सगळ्यात शाबूत आहे. पूर्व तोरणाच्या कोपऱ्यातल्या आंब्याला लोंबकळणाऱ्या यक्षीचे (वृक्षदेवतेचे) फोटो तर सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये जातात. खुशाल काढा. पण आमच्या मते अर्धा तास दक्षिण तोरणाला द्यावा.

हे तोरण आपल्या मराठी मंडळींना जरा जवळचंच. वरच्या तुळईवर कोरलेल्या स्तूपावर लेख आहे. त्यात म्हटलंय की हे दान राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद याचं. म्हणजे पैठणच्या सातवाहनांचं नाव इथे दगडात आहे. याच तोरणाच्या खांबावरचा दुसरा लेख सांगतो की कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी केलं. हे वाचल्यावर त्या बारीक, दाटीवाटीच्या कामाकडे पुन्हा एकदा बघा. छिन्नी दगडावर चाललीय, पण हाताची सवय हस्तिदंताची.

अस्थींसाठी निघालेल्यांनी इथली दोन दृश्यं चुकवू नयेत. मधल्या तुळईवर रामग्रामचा स्तूप आहे. तथागतांच्या अस्थींचे आठ वाटे झाले, त्यातले सात अशोकानं उघडले, आठवा रामग्रामचा नागांनी राखला, अशी कथा आहे. इथे एका बाजूला अशोक लवाजम्यासह आलाय, दुसऱ्या बाजूला फणाधारी नाग स्तूपाची पूजा करताहेत. खालच्या तुळईच्या मागल्या अंगाला कुशीनगराचा वेढा: अस्थींचा वाटा मिळावा म्हणून हत्ती-घोडे घेऊन आलेले राजे. शांतीच्या उपदेशकाच्या अस्थींवरून लढाईची वेळ आली आणि शिल्पकारानं ते झाकलं नाही, याचं आम्हाला दर वेळी नवल वाटतं.

या तोरणांवर बुद्धांची मूर्ती शोधू नका, सापडणार नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पादुका, रिकामं आसन, याच खुणांनी त्यांचं असणं दाखवलंय. चारही प्रवेशांच्या आत बसलेल्या मूर्ती गुप्तकाळातल्या, म्हणजे चारेक शतकांहून अधिक नंतरच्या.

तोरणाशेजारीच अशोकस्तंभाचा तुटका बुंधा उभा आहे. ऊस गाळायच्या चरकासाठी एका स्थानिक जमीनदारानं स्तंभ तोडला, असं पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलनं नोंदवलंय. वरचे चार सिंह पायथ्याच्या संग्रहालयात आहेत. बुंध्यावर अशोकाची आज्ञा आहे: जो भिक्खू किंवा जी भिक्खुणी संघात फूट पाडेल, त्याला किंवा तिला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर ठेवावं.

आता कठड्याकडे, म्हणजे वेदिकेकडे वळा. तिच्या दगडांवर शेकडो छोटे लेख आहेत, एकेका दगडाचा एकेक दाता. व्यापारी, कारागीर, गृहिणी, भिक्खू आणि आश्चर्य वाटेल इतक्या भिक्खुणी. लिपी येत नसली तरी लेखाचा शेवट ओळखता येतो: उलटा ‘टी’ काढल्यासारखं अक्षर आणि त्याला लागून एक टिंब. ते ‘नं’, आणि शब्द ‘दानं’. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली ती याच शेवटच्या अक्षरांवरून. मुलं सोबत असतील तर त्यांना हा खेळ लावून द्या, तासभर कुठे जात नाहीत. फक्त बोट दगडाला लावू देऊ नका.

दोन नंबरचा स्तूप उतारावर खाली आहे. तिथे दहा आचार्यांच्या अस्थी मिळाल्या होत्या आणि वेदिकेवरची कमळं, प्राणी, विचित्र जलचर ही इथली सर्वात जुनी कोरीवकामं. पायऱ्या उतरून परत चढावं लागतं म्हणून बरेचजण जात नाहीत. जमत असेल तर जा.

काही पाळायच्या गोष्टी

प्रदक्षिणा नेहमी उजवीकडून, म्हणजे स्तूप आपल्या उजव्या हाताला राहील अशी. वेदिकेवर बसणं, तोरणाला टेकून फोटो काढणं, दगडावर मेणबत्ती-अगरबत्ती लावणं हे नको. दीप-धूप-फुलं विहारात वाहा. विहारात चपला बाहेर. भन्तेंना, म्हणजे भिक्खूंना, दान द्यायचं तर दोन्ही हातांनी. उपासिकांनी भन्तेंच्या हाताला स्पर्श होणार नाही इतपत अंतर राखायचं. कॅमेऱ्याची तिपाई आणि ड्रोन आणू नका, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ते चालत नाही.

जाणं, राहणं, खाणं

मुंबईहून गाडी भुसावळ, खंडवा, इटारसी करत भोपाळला पोचते, रात्रभराचा प्रवास. नागपूरकरांना दिवसाची गाडीही सोयीची पडते. सांचीला स्टेशन आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. म्हणून आम्ही भोपाळला उतरवतो आणि पुढचे साधारण पन्नास किलोमीटर बसनं नेतो. वाटेत कर्कवृत्त रस्ता ओलांडतं, तिथे रस्त्यावर पट्टा रंगवलाय. दोन मिनिटं थांबतो, कारण नाही थांबलो तर मागच्या बाकावरून आरडाओरडा होतो.

सांची हे छोटं गाव आहे. राहायच्या खोल्या थोड्या, आणि नोव्हेंबरअखेर त्या आपल्या वाट्याला येतील ही आशा ठेवू नका. मुक्काम भोपाळलाच. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन साडेसहाला निघायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत टेकडीवर. (भोपाळमध्ये दुधाच्या पिशवीवर ‘सांची’ दिसलं तर दचकू नका, तो तिथल्या सहकारी दूध संघाचा ब्रँड आहे.) दुपारचं जेवण गावात, साधं आणि शाकाहारी.

एप्रिल ते जून आम्ही गट नेत नाही. पारा चाळिशीच्या पार जातो आणि दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार असते, पण पायऱ्या निसरड्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोचरी थंडी, स्वेटर घ्या. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे आमचा कुठलाच गट शुक्रवारी सांचीत नसतो.

एक दिवस जास्त असेल तर विदिशेजवळच्या उदयगिरीच्या लेण्या आणि सतधाराचे स्तूप दाखवतो. सतधारालाही याच दोन अग्रश्रावकांच्या नावाचे करंडक मिळाले होते. तिथे माणूस क्वचितच फिरकतो, रस्ता मात्र खडबडीत आहे, कंबरदुखीवाल्यांनी विचार करावा.

दरात बस, मुक्काम, सकाळ-दुपार-रात्रीचं जेवण आणि स्मारकाचं तिकीट धरलेलं आहे. रेल्वेभाडं वेगळं. मूळ आधार कार्ड सोबत हवं, झेरॉक्स चालेल असं समजू नका. नोव्हेंबरच्या गटासाठी नावं गणपतीपर्यंत द्या. दिवाळीनंतर विचारलंत तर भोपाळच्या खोल्यांचे भाव बघून आम्हीच तुम्हाला जानेवारीत चला म्हणू, आणि जानेवारीत अस्थिदर्शन नसतं.