अधूनमधून बंद पडणाऱ्या सर्व्हरचा शोध

लग्नसराईत मराठवाड्यातल्या औशासारख्या तालुक्याच्या गावी एका लग्नामागे फोटो स्टुडिओत शंभर-दोनशे जीबीचा ऐवज सहज जमा होतो. तो ठेवायला माझ्या एका स्टुडिओवाल्या मित्राने घरीच सर्व्हर जोडला. एका ऑफिसातून भंगारात निघालेला मदरबोर्ड, सेकंडहँड प्रोसेसर, दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेल्या रॅमच्या पट्ट्या, चार हार्ड डिस्क आणि वर लिनक्स. हिवाळाभर यंत्र नीट चाललं. एप्रिल लागला आणि ते अधूनमधून बंद पडू लागलं. कधी भर दुपारी, कधी रात्री दोनला. कधी आपणहून रीस्टार्ट व्हायचं, कधी हँग होऊन तसंच राहायचं. पाहायला आलेल्या प्रत्येक जाणकाराचं निदान वेगळं: ऊन, व्होल्टेज, रॅम, लिनक्स.

कायमचा बंद पडलेला भाग शोधायला तासभर पुरतो. मधूनच रुसणारा भाग शोधणं फार अवघड, कारण आपण तपासायला बसतो तेव्हा तो बहुधा नीट चालत असतो. मराठवाड्यात यात आणखी एक गुंता आहे. एप्रिल-मेमध्ये तापमान ४२-४३ अंशांवर जातं, त्याच दिवसांत विजेचा दाब खालीवर होतो आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नांमुळे सर्व्हरवरचं कामही वाढतं. तिन्ही गोष्टी एकदमच वाढतात, त्यामुळे ‘उन्हाळ्यात बंद पडतो’ एवढ्यावरून त्यातली कोणती दोषी हे कळत नाही. त्या एकेक करून वेगळ्या काढायच्या, तर सुटे भाग विकत आणण्याआधी एक वही घ्यावी आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, त्या क्षणी चाललेलं काम, खोलीचं तापमान आणि लाईटची अवस्था लिहावी.

यंत्र कसं बंद पडलं, हेही लिहावं. एकदम अंधार होऊन रीस्टार्ट झालं आणि लॉग, म्हणजे यंत्र स्वतः लिहीत असलेली नोंदवही, वाक्याच्या मध्येच तुटलेला असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर, एसएमपीएसवर (घरची वीज कॉम्प्युटरला लागेल अशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा) किंवा मदरबोर्डवर जातो, कारण ऑपरेटिंग सिस्टीमला निरोपाचे दोन शब्द लिहायलाही वेळ मिळालेला नसतो. पडद्यावर कर्नल पॅनिकचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने (कर्नलने) हात टेकल्याचा मजकूर असेल, तर यंत्र शेवटपर्यंत शुद्धीवर होतं आणि आतली काहीतरी विसंगती पाहून ते स्वतःच थांबलं. अशा वेळी ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम), रॅम किंवा डिस्क पाहावी. लॉगमध्ये ‘मशीन चेक’ नावाची नोंद आली असेल, तर प्रोसेसरने स्वतःच्या किंवा मेमरीच्या हार्डवेअरमधली चूक पकडलेली असते. ही नोंद सोन्याच्या मोलाची.

लॉगवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी अजून रॅममध्येच असतात आणि डिस्कवर पोचायच्या आत यंत्र गेलं तर त्याही जातात. काही लिनक्समध्ये तर सिस्टीमचा जर्नल, म्हणजे हाच लॉग, मुळात रॅममध्येच ठेवलेला असतो, म्हणजे रीस्टार्ट झाला की पुरावा साफ. तो कायमचा डिस्कवर लिहिला जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. घरात दुसरा कॉम्प्युटर असेल तर ‘नेटकन्सोल’ नावाची सोय वापरून कर्नलचे संदेश जातील तसे नेटवर्कवरून त्याच्याकडे पाठवता येतात. मरणारं यंत्र आपला शेवटचा शब्द दुसऱ्या यंत्रावर ठेवून जातं.

आता विजेकडे येऊ. आपल्याकडचं हे प्रकरण मोठं आहे. शेतीची थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. बहुतेक मोटरींना ऑटो स्विच बसवलेला असतो, म्हणून लाईट आली की शिवारातल्या कितीतरी मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. अशी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. डीपीवर एकदम ताण येतो आणि दाब क्षणभर खाली बसतो. गावठाणाचा फीडर वेगळा असला तरी सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर एकच असेल तर त्याची झळ गावातही पोचते. त्यात घरचीच बोअरची मोटर असते. बल्ब नुसता मिचकतो, आपण दुर्लक्ष करतो. सर्व्हरला मात्र ते चालत नाही.

एसएमपीएसमध्ये आत येणारी वीज एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते आणि पुरवठा क्षणभर तुटला तर त्या साठ्यावर यंत्र तग धरतं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्स मानकानुसार ही तग साधारण १६-१७ मिलिसेकंदांची असावी लागते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे हा साठा एक आवर्तनसुद्धा पूर्ण काढत नाही. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नसलेल्या जुन्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला, तर साठलेली ऊर्जा जवळजवळ ६१ टक्क्यांवर येते. त्यातलीही सगळी वापरता येत नाही, कारण एका मर्यादेखाली एसएमपीएस हात टेकतो. यंत्रावरचा भार जितका जास्त, तितका हा साठा लवकर संपतो.

म्हणून तोच झटका रिकाम्या बसलेल्या सर्व्हरला कळतही नाही आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट चालू असताना त्याला आडवा करतो. ‘कधी पडतो, कधी नाही’ यामागे भूतबाधा नसते, झटका आणि भार यांची गाठ पडावी लागते.

इथे कुणी म्हणेल, इन्व्हर्टर आहे की. पण घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी बनवलेला असतो. कॉम्प्युटरसाठीचा साधा ऑफलाइन यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, तर इन्व्हर्टर साध्या मोडवर त्याहून बराच जास्त वेळ घेतो. अनेक इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा छोटा खटका असतो आणि तो बहुतेक घरांत कुणी हलवलेला नसतो. तो आधी पाहावा. अर्थिंगही पाहावं. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळली की तिचा विद्युत रोध वाढतो आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मेमध्ये नावापुरतं उरतं. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतायची जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे, कारण ओलसर, क्षारयुक्त माती वीज चांगली वाहून नेते. अर्थिंग सुधारल्याने दाब स्थिर होत नाही, पण उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालणाऱ्याच्या जिवासाठी ते हवंच.

दुसरा मोठा संशयित रॅम. रॅममधला प्रत्येक बिट (एक किंवा शून्य यांपैकी एक आकडा) म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार आणि हा कपॅसिटर पाझरणाऱ्या रांजणासारखा असतो: रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ रॅममध्ये हे भरणं दर ६४ मिलिसेकंदांत एकदा होतं. तापमान वाढलं की पाझर वाढतो, म्हणून चिप ८५ अंशांच्या वर गेली तर मानकानुसार ते दर ३२ मिलिसेकंदांनी करावं लागतं. एखाद्या कपॅसिटरमध्ये जन्मजात कमजोरी असेल तर जानेवारीत तो निभावतो आणि मेमध्ये एकाचा शून्य होतो.

एका बिटाने काय होतं? २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथल्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. तिला मिळणं शक्यच नव्हतं इतका आकडा झाला, म्हणून चूक लक्षात आली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, शून्य-एकच्या पद्धतीत लिहिलेल्या आकड्यातल्या अगदी एका बिटाची किंमत. मेमरीतला एक बिट उलटला, हा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता आणि त्यामागे वैश्विक किरण असावेत असा अंदाज होता. इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस चिपच्या आवरणातल्या किंचित किरणोत्सारी अशुद्धीमुळेही बिट उलटतात हे दाखवलं होतं. गूगलच्या सर्व्हरांवरच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमच्या पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. अशा चुका वारंवार त्याच पट्ट्यांमध्ये दिसत होत्या. म्हणून घरच्या सर्व्हरमध्ये तीच अडचण पुन्हा पुन्हा येत असेल, तर वैश्विक किरणांपेक्षा पट्टीवर संशय घ्यावा.

मोठ्या सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंगने १९५० साली मांडलेल्या कल्पनेवर ती चालते: प्रत्येक शब्दाबरोबर काही जादा बिट ठेवले, तर एक बिट चुकला तर तो ओळखून दुरुस्त करता येतो. घरी जोडलेल्या यंत्रात बहुधा साधी रॅम असते, तिला आपली चूक कळतही नाही. लग्नाचा एखादा फोटो अर्धा हिरवा उघडला किंवा कॉपी केलेल्या फाइलचा चेकसम (तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळला नाही, तर ते यंत्र बंद पडण्याआधीचं लक्षण समजावं. रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवावी आणि एकही चूक दिसली तर ती पट्टी काढावी. शून्यच अपेक्षित असतं, तिथे ‘एखाददुसरी चालते’ असं नाही.

रॅम नवी आणि चांगली असूनही बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी हा रॅमचा वेग वाढवणारा पर्याय चालू केल्यामुळे त्रास झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. वेष्टनावरचा ३२०० चा वेग हा बऱ्याचदा १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट देऊन गाठलेला वाढीव वेग असतो, आणि दोन दुकानांच्या दोन पट्ट्या तो एकत्र पेलतीलच असं नाही. सर्व्हरला हा वेग जवळजवळ निरुपयोगी आहे. तो बंद करावा असं माझं ठाम मत आहे.

उष्णतेला लोक सगळ्यात आधी दोष देतात, पण प्रोसेसर उष्णतेने अचानक बंद पडणं तुलनेने दुर्मीळ. शंभर अंशांच्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो. खोली २५ अंशांवरून ४३ वर गेली तर आतला प्रत्येक भाग साधारण तेवढाच, म्हणजे १८ अंशांनी तापतो, आणि ज्यांना स्वतःला आवरता येत नाही असे भाग आधी हरतात: प्रोसेसरला वीज देणारं मदरबोर्डवरचं सर्किट आणि एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत काही उन्हाळे काढलेल्या बोर्डावर ते डोक्यावर फुगलेले दिसले, तर आणखी पुरावा लागत नाही.

काही कारणं लवकर निकालात निघतात. डिस्कच्या स्मार्ट माहितीत, म्हणजे तिने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदीत, सीआरसी चुकांचा (डेटा येताजाता बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर डिस्क सहसा ठीक असते, तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदलावी. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या एएमडी रायझेन प्रोसेसरवर लिनक्सचे सर्व्हर काम नसतानाच, रिकामे बसलेले असताना हँग व्हायचे. प्रोसेसर गाढ झोपेत फार कमी करंट घेतो, हे त्याचं मूळ होतं, आणि बायोसमधल्या एका पर्यायाने ते थांबलं. सर्व्हर पहाटे, काहीच चालू नसताना जात असेल तर हे आठवावं.

मग ऊन, वीज आणि भार ही तिन्ही कारणं वेगळी कशी करायची? मुद्दाम. पहाटे खोली थंड असताना यंत्रावर पूर्ण भार टाकावा. भर दुपारी भार न देता नुसतं चालू ठेवावं. तिसऱ्यांदा भार आणि ऊन दोन्ही, पण मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, म्हणजे डीपीचा संबंधच तुटतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

आणि किती दिवस वाट पाहावी? बहुतेक जण इथेच फसतात. समजा सर्व्हर सरासरी तीन दिवसांनी एकदा, पण कोणत्याही ठराविक वेळेशिवाय बंद पडतो. काहीही दुरुस्त केलं नाही तरी पुढचे तीन दिवस तो नीट चालण्याची शक्यता ३७ टक्के आहे. सहा दिवस चालण्याची १३ ते १४ टक्के, नऊ दिवसांची ५ टक्के. तेव्हा दुरुस्तीनंतर चार दिवस नीट चालला याला पुरावा म्हणता येत नाही. सरासरी अंतराच्या तिप्पट काळ शांत गेला, तरच दुरुस्ती लागू पडली असं म्हणावं.

दोन दोष एकत्र असतील तर गोष्ट आणखी फसवी होते. समजा विजेमुळे सरासरी चार दिवसांनी एकदा आणि रॅममुळे बारा दिवसांनी एकदा यंत्र पडतं. दोन्ही मिळून ते तीन दिवसांनी एकदा पडताना दिसतं. इन्व्हर्टरचा खटका यूपीएस मोडवर केला की अंतर बारा दिवसांवर जातं. पण दहाव्या दिवशी यंत्र पुन्हा बंद पडतं आणि मालक वैतागून म्हणतो, ‘खटक्याचा काही उपयोग झाला नाही,’ आणि तो पुन्हा साध्या मोडवर करतो. बरोबर केलेली दुरुस्ती अशी वाया जाते. वहीत तारखा असतील तर तीनाचे बारा झालेले दिसतात आणि खटका जागेवर राहतो. उरलेल्या दोषासाठी तिप्पट म्हणजे ३६ दिवस वाट पाहायची, तर लग्नसराई संपून जाईल. म्हणून तिथे वाट पाहू नये. दुसरी पट्टी बाहेर काढावी, एकाच पट्टीवर रात्रभर मेमटेस्ट लावावी, दुसऱ्या रात्री पट्टी बदलावी. तोवर स्टुडिओतली कॅमेऱ्याची कार्डं पुसू नयेत आणि फोटोंची एक प्रत या सर्व्हरच्या बाहेरच्या डिस्कवर असू द्यावी.